कन्यादानाचे दोन पाट

॥ श्री ॥

माधवनगर, उज्जैन
ता. ९ डिसेंबर १९५६

चि. विष्णू व चि. सौ. माणिक यांस बापूचे अनेक आशीर्वाद.

जयूचे ठरले. मुलगा इंदूरचा, प्रकाश नाव, कॉलेजात शिकवतो. वडील भय्यासाहेब, साधा माणूस. आई मात्र जरा शकुन-अपशकुनवाली आहे. पहिल्याच भेटीत तिने मला बाजूला घेऊन विचारले, "धारचे स्थळ कशावरून मोडले हो?" मी खरे ते सांगितले. साखरपुडा झाला, महिन्यात मुलाची आजी गेली आणि त्या लोकांनी आमच्या पोरीच्या पायगुणावर खापर फोडले. मग म्हणाल्या, "चला, देखेंगे." पाहिले आणि हो म्हणाल्या. मुहूर्त ११ फेब्रुवारीचा, गोरज.

आता मुद्द्याचे. माझ्यासारख्या विधुराला कन्यादानाला बसता येत नाही, तिथे जोडपेच लागते. आणि तुमच्यावाचून कोण? जयूची आई गेली तेव्हा पोर पाच वर्षांची होती. ग्वाल्हेरला, लष्करच्या तुमच्याच घरात वाढली, माणिकच्याच मांडीवर झोपली. मी आपला सुट्टीत येणारा बाप. तेव्हा मांडवातले ते दोन पाट तुमचे. आपल्या आईची झारीही तुमच्याकडेच आहे, ती आणा. त्याच झारीने पाणी सोडायचे.

विष्णू, परवा टावर चौकात उभा होतो. एका दुकानाच्या पाटीवर रंगारी "मध्यभारत" खोडून "मध्यप्रदेश" लिहीत होता. मला आपला लष्करचा वर्ग आठवला. मी गणितात नापास होऊन तुझ्याच बाकावर आलो ते साल. तू कविता म्हणायला उभा राहायचास, दुसऱ्या ओळीला अडायचास आणि मी मागून ओठ न हलवता पुरवायचो. मास्तरांना कधी कळले नाही. राज्ये बदलतात, राजधान्या जातात. त्या बाकाला आता कोणते राज्य लागत असेल?

मंगलाष्टके मीच करतो आहे. शार्दूलविक्रीडितात. एक ओळ बसली आहे:

वाढे ज्या घरि ही जयू हसतशी, काका जिचा विष्णु तो

बाकीच्या ओळी तुम्ही आल्यावर.

वाट पाहणारा,
बापू

•

॥ श्री ॥

भोपाळ
ता. २० डिसेंबर १९५६

ती. बापूस विष्णूचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून माणिक आधी रडली, मग उठून ट्रंक उघडून बसली. तेव्हापासून आमच्या खोलीत चालायला जागा नाही. तिची लुगडी, माझे धोतर, झारी, झारीसाठी चिंच. रोज घासते. म्हणालो, अगं, मुहूर्ताला दोन महिने आहेत, झिजून जाईल. तर म्हणते, "तुम्ही चुप बसा. मुलीची आई आहे मी."

तुझी ओळ चांगली आहे, पण "जिचा विष्णु तो" म्हणजे मी कोण कुठला फरार गुन्हेगार वाटतो. आणि लोकांसमोर ती म्हणणार कोण? तूच ना? तुझा आवाज तिसऱ्या चरणाला फाटतो हे अख्ख्या लष्करला ठाऊक आहे. मी मागे उभा राहून पुरवीन. या खेपेस माझी पाळी.

इकडे कचेरी म्हणजे धर्मशाळा झाली आहे. ग्वाल्हेरचे, इंदूरचे, नागपूरचे, रीव्याचे, सगळे आपापल्या फायली काखेत मारून खुर्ची शोधतात. मराठी ऐकायला कान तरसतात. शेजारी सुधाकर म्हणून एक ग्वाल्हेरचा पोरगा राहतो, त्याच्याशी बोलून भूक भागवतो. तलाव मात्र छान आहे. तू पाहिलास तर तीन कविता आणि एक पडसे घेऊन परत जाशील.

आम्ही ५ फेब्रुवारीच्या गाडीने निघतो. रजा मंजूर आहे. पाट आमचे, ते कुणाला देऊ नकोस.

तुझा,
विष्णू

•

भोपाळ
ता. ६ फेब्रुवारी १९५७

ती. बापूभावजींस माणिकचा नमस्कार.

हे पत्र आणि झारी शेजारच्या सुधाकरबरोबर पाठवते आहे. आमचे येणे होत नाही. निवडणुकीमुळे कचेरीतल्या सगळ्यांच्या रजा एकदम रद्द झाल्या. त्यांना लिहायला सवड नाही म्हणून मी लिहिते आहे. मी एकटी येऊन काय करू? पाटावर जोडपे लागते.

तुमच्या शेजारच्या वसंतरावांना आणि अनसूयावहिनींना बसवा. भली माणसे आहेत, जयू उज्जैनला आल्यापासून तिला पाहतात. मुहूर्त चुकवू नका, कशासाठीही थांबू नका. जयूला म्हणावे, काकूने सांगितले आहे, वरमाला घालताना खाली बघू नकोस, समोर बघ.

झारीला आतून कल्हई नवी केली आहे.

माणिक

•

॥ श्री ॥

माधवनगर, उज्जैन
ता. १७ फेब्रुवारी १९५७

विष्णू,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसते नाव लिहिले.

लग्न झाले. उत्तम झाले. तू नव्हतास म्हणून काही अडले नाही, हे तुला कळावे म्हणून सविस्तर लिहितो.

वसंतराव आणि अनसूयाबाई पाटावर बसले. वसंतरावांना आपले गोत्र ठाऊक नाही. भटजींनी दोनदा विचारले आणि मी मागून पुरवले. हो, मागूनच. बापाची जागा मागे असते हे मला कबूल होते, पण पुढे परका माणूस असेल हे कबूल नव्हते. झारी तू पाठवलीस. हात पाठवले नाहीस.

इंदूरच्या बाईंनी चार बायकांत विचारले, "सख्खा काका ना? एकच ना? मग आला कसा नाही?" मी म्हणालो, रजा. त्यावर त्यांच्याकडचे एक गृहस्थ हसून म्हणाले, "अहो मास्तर, मी पण सेक्रेटरिएटमधलाच. लग्नाची रजा कुणाची रद्द झाली नाही. मी आलोच की." विष्णू, त्या क्षणी मांडवात मी कुठे पाहावे?

म्हणजे रजेचे खोटे होते. मग खरे काय? नव्या राजधानीत साहेबांच्या पंगतीला बसायची सवय झाली आणि उज्जैनचा मास्तर भाऊ लाजिरवाणा झाला? की मी कविता करतो, आवाज फाटतो, व्याह्यांपुढे तुझे हसे होईल? तसे होते तर सरळ लिहायचेस. बायकोच्या आड का लपलास? तिच्या पत्रात तुझ्या हातची एक ओळही नाही.

जयू विदाईच्या वेळी माझ्या खांद्यावर रडली आणि मग मान वर करून दाराकडे पाहत राहिली. टांगा हलला तरी पाहत होती. कुणाला शोधत होती ते मला ठाऊक आहे.

तो तुझा सुधाकरही विचित्र. पंगतीत बसला, जिलबीला हात लावीना. म्हणे पोट बिघडले. मी चेष्टेने म्हणालो, तुझ्या विष्णूकाकाचा वाटा तूच खा. तर उठून हात धुवायला गेला तो पुन्हा आलाच नाही.

मंगलाष्टकातली ती ओळ मी ऐनवेळी बदलली. "नांदो सुखाने सदा" केली. वृत्तात बरोबर बसली. तुझ्यावाचून वृत्त मोडत नाही.

पत्राचे उत्तर नको.

बापू

•

भोपाळ
ता. २३ फेब्रुवारी १९५७

ती. बापूभावजींस,

हे पत्र उंबऱ्याबाहेर उभे राहून वाचा आणि वाचून झाल्यावर घरात आणू नका.

ते गेले. सोमवारी ४ तारखेला, वसंतपंचमीला. दुसऱ्या दिवशीची आमची गाडी होती, होल्डॉल बांधून दाराशी ठेवला होता. संध्याकाळी कचेरीतून आले, त्याच होल्डॉलवर टेकले आणि म्हणाले, "पाणी दे गं, जरा छातीत भरल्यासारखे वाटते." तांब्या घेऊन आले तोवर मान कलली होती. डॉक्टर आला, त्याने फक्त घड्याळ पाहिले.

सुधाकर तुम्हाला तार करायला निघाला होता. मी त्याला पायरीवरून परत बोलावला. यात त्याचा काही दोष नाही. मी त्याला देवाची शपथ घातली होती.

तार पोचली असती तर तुम्हाला सुतक लागले असते. मांडव उतरला असता, मुहूर्त टळला असता. आणि इंदूरच्या बाई काय म्हणाल्या असत्या? धारला आजी गेली, इथे काका गेला. पुन्हा कुणी त्या पोरीला दारात उभे केले नसते. आणि भावजी, लोकांचे सोडा, जयूने स्वतःच ते खरे मानले असते. "मीच काकांना खाल्ले" म्हणत ती जन्म काढती. बातमी कानावर येईपर्यंत सुतक लागत नाही, एवढे शास्त्र मला ठाऊक होते. म्हणून कानावर येऊ दिली नाही. देवक उठले, जयू सासरी पोचली, पाचपरतावन झाले, असे सुधाकरने विचारून आणले. आता लिहिते आहे.

अग्नी माझ्या भाच्याने, रमेशने दिला. अस्थी होशंगाबादला नर्मदेत सोडल्या.

त्यांच्या नावचे तुमचे पत्र मिळाले. पोस्टमनने "साहब का खत" म्हणून हातात दिले. मी वाचले. त्यांच्यापर्यंत ते पोचले नाही, एवढे समाधान माना.

माणिक

•

माधवनगर, उज्जैन
ता. २ मार्च १९५७

गं. भा. माणिकला,

तुझ्या नावामागची ही दोन अक्षरे लिहायला मला दोन दिवस लागले.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी तुझे पत्र आले. फाटकाबाहेर वाचले. तसाच क्षिप्रेवर गेलो, अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरलो. उशिरा कळले की तीन रात्रींचे सुतक. तुझ्या हिशेबाने माझ्या भावाचे तीनच दिवस माझ्या वाट्याला आले.

रामघाटावर बसून होतो. पाणी पाहत होतो. इथे क्षिप्रा असताना तो नर्मदेत गेला. मी असताना रमेशने अग्नी दिला. गावोगावचे लोक आपली माणसे उज्जैनला आणतात, आणि माझा भाऊ उज्जैनपासूनच लपवला गेला. का, तर इथे कुणी पाहील.

तू ज्या दिवशी त्याची राख सावडलीस, त्या दिवशी मी गुळपापडीचे लाडू चाखून बघत होतो. अनसूयाबाईंना म्हणालो, वेलची कमी आहे. हे आठवते आणि तोंडात माती येते. मांडवात मी सनईवाल्यांना म्हणालो, जोरात वाजवा, भोपाळपर्यंत ऐकू जाऊ दे. तू मला माझ्या भावाच्या मढ्यावर नाचायला लावलेस माणिक. आणि ते पत्र. मेलेल्या माणसाला मी ते पत्र लिहिले. ते कागदावर उतरले ते तुझ्यामुळे. एक शब्द मला कळवला असतास तर ते शब्द माझ्या पेनातून निघालेच नसते.

जयूचे भले तू पाहिलेस, मान्य. पण तो माझा भाऊ होता. आम्ही एका बाकावर बसलो आहोत. त्याच्यासाठी रडायचे केव्हा हे ठरवायचा अधिकार तुला कुणी दिला?

मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता. स्वतःची मुलगी देण्याइतका.

बापू

•

भोपाळ
ता. १० मार्च १९५७

ती. बापूभावजींस माणिकचा नमस्कार.

अधिकार कुणी दिला नाही. दार उघडे होते, आत ते होते, पायरीवर सुधाकर होता, आणि विचारायला कुणी नव्हते. तुम्ही दूर होतात. तुम्हाला विचारायचे म्हणजे सांगायचेच.

आता मी विचारते, तुम्ही सांगा. तार मिळती तर काय करतात? लग्न थांबवले असते? मग आज जयू तुमच्या ओसरीवर बसून असती. की तार खिशात घालून लग्न लावले असते? मग सुतकात मुलगी उजवली हे तुम्हाला जन्मभर खात राहते. तुमच्या हाताने लाडू चाखताना वेलची कमी आहे हे तरी कळले असते का? दोन्ही वाटा मला दिसत होत्या. दोन्ही तुमच्यावर टाकाव्यात असे वाटले नाही. मी माझ्या अंगावर घेतले. ते चुकले असेल. पण ते सोपे होते असे समजू नका.

रडण्याचे लिहिलेत. मीही रडलेली नाही. खोटे पत्र लिहायचे होते, सुधाकरला पढवायचे होते, झारीला कल्हई करायची होती. कल्हईवाला दारात बसला होता आणि आत बायका माझ्या बांगड्या काढायला आल्या होत्या. मी म्हणाले, थांबा, आधी याला पाठवते. आता रडू म्हटले तर येत नाही.

एक मागणे आहे. इंदूरच्या मंडळींना ते गेल्याचे कळवावेच लागेल. कळवा. पण दिवस सांगू नका. लग्नाआधीचा दिवस त्या बाईंना कळला तर आतापर्यंतचे सगळे वाया जाईल. तुम्ही खोटे बोलत नाही हे मला ठाऊक आहे. बोला असे म्हणत नाही. गप्प बसा, एवढेच.

क्वार्टर एप्रिलअखेर सोडायची आहे. होशंगाबादला भावाकडे जावे म्हणते. त्यांच्याकडे खोली नाही, पण पडवी आहे.

माणिक

•

॥ श्री ॥

माधवनगर, उज्जैन
ता. ७ एप्रिल १९५७

चि. माणिकला अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला महिना लागला. मास्तराने एवढा वेळ घेऊ नये, पण उत्तर येत नव्हते.

पाडवा झाल्यावर भय्यासाहेब सहकुटुंब समाचाराला आले, जयूला चैत्रगौरीसाठी माहेरी सोडायलाही. मी कार्डावर नुसते "विष्णू गेला" एवढेच लिहिले होते. बाई बसल्या, पाणी घेतले आणि म्हणाल्या, "हे कधी हो झालं? कार्डात तर काही ठीकसे लिहिलंच नव्हतं."

मी म्हणालो, "मला शिवरात्रीच्या आदल्या दिवशी कळलं."

इतके खरे होते. मला वाटले, सुटलो.

"तुम्हाला कळलं केव्हा ते नाही विचारत," बाई म्हणाल्या. "ते गेले केव्हा?"

भय्यासाहेब म्हणाले, "जाऊ द्या ना. काय करायचंय?"

"करायचं कसं नाही? घरात नवी सून आहे. माणसाला मालूम पाहिजे."

जयू समोर उभी होती. चहाचा ट्रे तिच्या हातात होता. माणिक, तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यावरून मला कळले की हाच प्रश्न ती सासरी एकटीच स्वतःला विचारत बसली असणार. तिला उत्तर हवे होते. आणि उत्तराची भीतीही वाटत होती.

मी तीस वर्षे मुलांना शिकवले. खोटे बोलणाऱ्याला वर्गाबाहेर उभे केले. आणि मी बोललो, "लग्नानंतर. जयू सासरी पोचल्यावर. अचानक गेला."

आवाज फाटला नाही.

बाईंनी श्वास सोडला. म्हणाल्या, "बरं झालं बाई. लग्नाच्या आधी असतं तर लोक काहीबाही बोलले असते." आणि त्यांनी जयूच्या पाठीवरून हात फिरवला. पहिल्यांदाच, असे जयू नंतर मला म्हणाली. ट्रे तिने खाली ठेवला, आत गेली आणि मग तिच्या रडण्याचा आवाज आला. ते साधे रडणे होते. काका गेल्याचे. त्यात दुसरे काही मिसळलेले नव्हते. तू तिच्यासाठी हेच वाचवलेस ना?

मंडळी गेल्यावर मी अंगणात बसलो. मी एकच खोटे बोललो होतो. तू एकटीने किती बोललीस, कुणाकुणाशी, त्या घरात बसून. तार आली असती तर मी काय केले असते? काहीच केले नसते, माणिक. तार हातात धरून मांडवात उभा राहिलो असतो आणि जयूने माझ्या तोंडाकडे पाहून सगळे ओळखले असते. मला ठरवता आले नसते. तुला आले.

राग गेला असे लिहिणार नाही. नर्मदेचे नाव निघाले की अजून उठून बाहेर जातो. माझ्या भावाला मी खांदा दिला नाही, ते आता या जन्मी राहिलेच. तू माझे काही घेतलेस आणि माझ्या मुलीला दिलेस. दोन्ही खरे आहे. मला दोन्ही घेऊन जगायला शिकावे लागेल.

पण होशंगाबादची पडवी कशाला? इथे मकानात तीन खोल्या आहेत आणि मी एकटा म्हातारा. शिवाय आता या गोष्टीत मीही तुझ्याइतकाच खोटा आहे. त्याची खरी तिथी या घरात दोघांनाच ठाऊक असणार. माघातल्या पंचमीला श्राद्ध करावे लागेल, आणि लोकांनी विचारले तर काहीतरी जोडून सांगावे लागेल. ते मला एकट्याला जमणार नाही.

जयू अक्षय्यतृतीयेपर्यंत इथे आहे. सारखी विचारते, काकू कधी येणार?

सामान घेऊन ये.

बापू

•

भोपाळ
ता. १४ एप्रिल १९५७

ती. बापूभावजींस माणिकचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळाले. येते आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने पोचेन. सुधाकर बसवून देईल, सामान फार नाही.

आधीच सांगून ठेवते, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका येतील तेव्हा मी मागच्या खोलीत तोंड लपवून बसणार नाही. कुंकू लावायला पुढे येणार नाही, पण आंब्याची डाळ मी वाटणार. जयूला माझ्याच हातची आवडते. कुणाला चालणार नसेल तर तिने खाऊ नये.

आणि स्टेशनवर वसंतरावांना पाठवू नका. जयूलाही आणू नका. तुम्ही एकटे या. टांगेवाल्याला सांगा, सरळ माधवनगरला नेऊ नकोस, नदीकडून लांबच्या रस्त्याने घे. ते होल्डॉलवर कसे बसले, पाणी कसे मागितले, मी तांब्या घेऊन किती वेळ उभी राहिले, सगळे मला कुणालातरी मोठ्याने सांगायचे आहे. तुम्हीही रस्त्यात काय ते विचारून घ्या, आणि रडायचे ते रडून घ्या. मला आले तर मीही रडेन.

घराचे दार दिसले की दोघांनी डोळे पुसायचे. दारात जयू उभी असेल, आणि तिच्यासमोर तारीख काढायची नाही.

माणिक